आठवण आणि चेतापेशींचे जाळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मरणशक्तीविषयी लोक जे विचारतात, त्यातील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत असते : आठवण ही मेंदूत कुठेतरी जपून ठेवलेली वस्तू आहे, आणि आठवणे म्हणजे ती जशीच्या तशी बाहेर काढणे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या संशोधनातून वेगळे चित्र उभे राहिले आहे. अनुभव येतो तेव्हा चेतापेशींचा एक समूह एकत्र कार्यरत होतो, त्या पेशींमधील जोडण्या बदलतात, आणि पुढे तोच समूह पुन्हा जागा झाला की आपल्याला ‘आठवते’. पुढील सर्व उत्तरे या एका सूत्राला धरून आहेत.

एखादी आठवण मेंदूत नेमकी कुठे असते?

ती एका ठिकाणी नसते. लहानपणी पाहिलेल्या गावच्या जत्रेची आठवण घेतली, तर आकाशपाळण्याचे दृश्य टिपणाऱ्या पेशी डोक्याच्या मागच्या भागात असतात, ढोलताशांचा आवाज ओळखणाऱ्या पेशी कानशिलाच्या आतल्या बाजूस असतात, आणि गर्दीत आईचा हात सुटल्यावर वाटलेल्या भीतीशी अमिग्डाला नावाच्या, बदामाएवढ्या आकाराच्या भागाचा संबंध असतो. जत्रेची आठवण म्हणजे या विखुरलेल्या पेशींना एकत्र बांधणारी जोडणी होय.

जर्मन संशोधक रिचर्ड सेमॉन याने १९०४ मध्ये स्मृतीच्या या भौतिक खुणेला ‘एन्ग्राम’ असे नाव दिले. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली याने उंदरांना चक्रव्यूहातील वाट शिकवून, त्यांच्या मेंदूच्या बाह्य थराचे वेगवेगळे भाग काढून टाकून ही खूण शोधण्याचा प्रयत्न अनेक वर्षे केला. कोणताही एक भाग काढल्याने आठवण पूर्णपणे पुसली गेली नाही. किती भाग काढला यावर नुकसान अवलंबून राहिले. १९५० मध्ये त्याने या शोधाचा जो आढावा घेतला, त्याचा सूर बराचसा निराशेचा होता. आज मागे वळून पाहताना मला तो अपयशी वाटत नाही, कारण स्मृती विखुरलेली असते हा त्याचा निष्कर्ष मोठ्या प्रमाणात टिकून राहिला आहे. चक्रव्यूहातून वाट काढताना उंदीर दृष्टी, स्पर्श आणि वास या सगळ्यांचा आधार घेतो, त्यामुळे त्यातील एक आधार गेला तरी बाकीच्यांवर त्याचे काम भागत होते.

चेतापेशींचे ‘जाळे’ म्हणतात ते प्रत्यक्षात कसे असते?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका फुटलेल्या असतात, ज्यांवरून तिच्याकडे संदेश येतात, आणि एक लांब अक्षतंतू असतो, ज्यावरून तिचा संदेश पुढे जातो. एका पेशीचा अक्षतंतू दुसऱ्या पेशीच्या वृक्षिकेजवळ जिथे पोहोचतो, त्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. बहुतेक सिनॅप्समध्ये दोन्ही पेशी एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये मिलिमीटरच्या काही लाखांश भागाएवढी फट असते आणि ती फट रासायनिक द्रव्यांच्या मदतीने ओलांडली जाते. एकेका पेशीवर असे हजारो जोड असू शकतात.

स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या पेशींची जी चित्रे काढली, ती आजही शिकवताना वापरली जातात. शिकण्यामुळे पेशींमधील जोडण्या बदलत असाव्यात, ही कल्पना त्याने १८९४ मध्येच लंडनच्या एका व्याख्यानात मांडली होती. त्या काळी ती तपासून पाहण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते.

म्हणजे एका पेशीत एक आठवण असते का?

नाही. एकच माणूस गावच्या भजनी मंडळात असतो, दूध सोसायटीत असतो आणि शाळेच्या समितीवरही असतो. तो एकटा दिसला म्हणून बैठक कशाची आहे ते कळत नाही, सोबत कोण कोण जमले आहे यावरून ते कळते. चेतापेशींचेही तसेच आहे. एक पेशी अनेक आठवणींत भाग घेते आणि कोणती आठवण जागी झाली हे त्या क्षणी एकत्र कार्यरत झालेल्या समूहावरून ठरते.

याविरुद्ध २००५ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला जातो. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी सूक्ष्म तारा बसवलेल्या असताना रॉड्रिगो क्वियान क्विरोगा आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, एका रुग्णाची एक पेशी जेनिफर ॲनिस्टन या अभिनेत्रीच्या वेगवेगळ्या छायाचित्रांना प्रतिसाद देत होती, परंतु इतरांच्या चित्रांना देत नव्हती. त्यावरून ‘एका व्यक्तीसाठी एक पेशी’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. काही मोजक्याच पेशींवर तारा पोहोचलेल्या असताना त्यांतली एक सापडावी, याचाच अर्थ त्या व्यक्तीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी पुष्कळ असणार.

जोडणी ‘पक्की होते’ म्हणजे पेशीत नेमके काय घडते?

हा प्रश्न साऱ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब याने १९४९ मध्ये असे मांडले की, एक पेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार सहभागी होत असेल, तर त्या दोघींमधला जोड अधिक परिणामकारक होत गेला पाहिजे. हे तेव्हा अनुमानच होते. १९६६ मध्ये ऑस्लो येथे तेर्ये लोमो याला सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागात, असा बदल प्रत्यक्ष दिसला, आणि १९७३ मध्ये त्याने टिमथी ब्लिस याच्याबरोबर तो सविस्तर प्रसिद्ध केला. काही सेकंद जलद विद्युत स्पंद दिल्यानंतर त्याच मार्गावरून येणाऱ्या साध्या स्पंदाला पेशी पूर्वीपेक्षा जोरकस प्रतिसाद देऊ लागल्या, आणि हा परिणाम अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकला. काही सेकंदांच्या घटनेने जोडणीत तासन्‌तास टिकणारा बदल घडतो, हे पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे समोर आले.

यामागची यंत्रणा मला जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर यंत्रणांपैकी एक वाटते. संदेश पाठवणारी पेशी ग्लुटामेट नावाचे द्रव्य फटीत सोडते. ते पलीकडच्या पेशीवरील दोन प्रकारच्या ग्राहींवर, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसते. त्यांतला एएमपीए नावाचा ग्राही लगेच उघडतो आणि नेहमीचा संदेश पार पडतो. दुसरा एनएमडीए ग्राही मात्र ग्लुटामेट येऊनही बंद राहतो, कारण त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, अडकलेला असतो. घेणारी पेशी स्वतः पुरेशी उद्दीपित झाली, तरच तो आयन बाजूला होतो. म्हणजे पाठवणारी आणि घेणारी अशा दोन्ही पेशी एकाच वेळी कार्यरत असतील, तेव्हाच हा ग्राही वाहता होतो. हेबने जी अट कल्पिली होती, ती येथे एका रेणूत साकार झालेली दिसते. त्यातून आत शिरलेले कॅल्शियम काही विकरांना (एन्झाइमांना) जागे करते, आणि त्यांच्या कामामुळे त्या जोडावर आणखी एएमपीए ग्राही आणून बसवले जातात. पुढच्या वेळी तितक्याच ग्लुटामेटला पेशी अधिक प्रतिसाद देते.

हा बदल शिकण्यासाठी खरोखर लागतो का, हे रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तपासले. गढूळ पाण्याच्या हौदात बुडालेला फलाट कुठे आहे हे उंदीर सहसा काही फेऱ्यांत शिकतात; एनएमडीए ग्राही औषधाने रोखल्यावर त्यांना ते नीट शिकता आले नाही.

जास्त काळ टिकणाऱ्या आठवणींसाठी एवढे पुरत नाही. एरिक कँडेल याने ॲप्लिसिया या सागरी गोगलगाईवर दीर्घकाळ काम केले. तिच्यात चेतापेशी सुमारे २०,००० च असतात आणि त्या आकाराने मोठ्या असल्यामुळे एकेक पेशी ओळखून अभ्यासता येते. अल्पकालीन स्मृतीत आहे त्याच जोडांची ताकद बदलते; दीर्घकालीन स्मृतीसाठी मात्र पेशीच्या केंद्रकातील जनुकांना काम सुरू करावे लागते, नवी प्रथिने बनावी लागतात आणि नवे जोड प्रत्यक्ष उगवतात. या कार्यासाठी कँडेलला २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ओटीपी टाकून झाला की लगेच का विसरतो?

कारण तो लक्षात ठेवण्यासाठी जोडण्या कायमच्या बदलण्याची गरज पडत नाही. सहा आकडे काही सेकंद मनात धरून ठेवण्याचे काम मुख्यतः कपाळामागचा भाग आणि त्याच्याशी जोडलेले जाळे करते. माकडांवरील प्रयोगांत १९७१ मध्ये असे दिसले की, खूण दिसेनाशी झाल्यानंतरही या भागातील काही पेशी उत्तर देण्याची वेळ येईपर्यंत सक्रिय राहतात. मध्येच कोणी हाक मारली की लक्ष हटते आणि आकडे निसटतात.

हिप्पोकॅम्पसला इतके महत्त्व कशामुळे आले?

एका माणसामुळे. हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातला तरुण अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी त्रस्त होता. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कानशिलामागील आतला भाग काढला, ज्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा होता. झटके कमी झाले. पण त्या दिवसानंतर घडलेली जवळजवळ कोणतीही घटना हेन्रीच्या लक्षात राहिली नाही. त्याची बुद्धी शाबूत होती, बोलणे व्यवस्थित होते, बालपणीच्या गोष्टी तो सांगत असे, आणि काही आकडे क्षणभर मनात धरून ठेवणेही त्याला जमत असे. मात्र ज्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला, त्या प्रत्येक भेटीत त्याच्यासाठी अनोळखीच असत.

मिल्नर यांनी त्याला एक काम दिले : ताऱ्याच्या आकृतीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, पण हात आणि कागद फक्त आरशात पाहायचे. हे कोणालाही सुरुवातीला अवघड जाते. तीन दिवसांच्या सरावात हेन्रीच्या चुका सातत्याने कमी होत गेल्या, आणि तरीही हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला मुळीच आठवत नव्हते. त्याचा हात शिकला होता, परंतु शिकल्याची घटना त्याच्यापाशी नव्हती. स्मृती एकच नसून तिचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या जाळ्यांवर अवलंबून असतात, हे त्या पेन्सिलीच्या रेषेने दाखवून दिले. सायकल चालवणे, पोहणे, पेटी वाजवणे यांसारखी कौशल्ये मेंदूत खोलवर असलेल्या पेशीसमूहांच्या आणि अनुमस्तिष्काच्या, म्हणजे मागे खालच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूच्या, जाळ्यांत रुजतात. म्हणूनच वर्षानुवर्षे सायकलला हात लावला नाही तरी ती चालवता येते.

हेन्री २००८ मध्ये वारला. तोपर्यंत शास्त्रीय लेखनात त्याचा उल्लेख केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी होत असे. पन्नासहून अधिक वर्षे तो चाचण्यांना सामोरा जात राहिला, आणि स्मृतिविज्ञानावरील त्याचे ऋण मोठे आहे.

ठिकाणावर गेले की जुन्या गोष्टी भराभर आठवतात, याचे कारण काय?

हिप्पोकॅम्पस घटनेबरोबर तिची जागाही नोंदवतो. लंडनमध्ये जॉन ओकीफ याला १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या, ज्यांतील प्रत्येक पेशी प्राणी विशिष्ट जागी असतानाच सक्रिय होते. २००५ मध्ये नॉर्वेतील माय-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाने शेजारच्या एन्टोरायनल भागात जागेवर षट्‌कोनी जाळीसारख्या नियमित अंतरांवर सक्रिय होणाऱ्या पेशी दाखवल्या. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. जुन्या शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राचे नाव ओठांवर येते, ते या जोडणीमुळे.

एवढ्याशा खुणेवरून पूर्ण आठवण कशी उभी राहते?

हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ नावाच्या भागातील पेशी आपले तंतू पुष्कळ प्रमाणात आपल्याच भागातील इतर पेशींकडे पाठवतात. एखाद्या अनुभवाच्या वेळी एकत्र सक्रिय झालेल्या पेशींमधले जोड पक्के झाले असतील, तर पुढे त्यांतील थोड्या जरी जाग्या झाल्या, तरी त्या बाकीच्यांना जागे करतात. डेव्हिड मार याने १९७१ मध्ये हा विचार गणिती स्वरूपात मांडला. १९८२ मध्ये जॉन हॉपफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने साध्या कृत्रिम पेशींचे जाळे अपूर्ण नमुन्यावरून पूर्ण नमुन्यापर्यंत कसे पोहोचते, याचे प्रारूप दिले; त्याला जेफ्री हिंटन याच्यासह २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पाठांतराच्या बाबतीत खुणा एकामागून एक अशा साखळीत येतात. लहानपणी पाढे घोकलेल्या माणसाला ‘सतरा सात किती?’ असे अचानक विचारले, तर तो बहुधा ‘सतरा एके सतरा’पासून मनात सुरुवात करतो आणि चालीवर पुढे जात बरोबर ‘एकशे एकोणीस’वर थांबतो. आरतीचे मधले कडवे विचारले तरी असेच घडते. प्रत्येक ओळ ही पुढच्या ओळीची खूण असते, आणि लय ही त्या साखळीला धरून ठेवणारी आणखी एक खूण असते.

रोज त्याच वाहनतळावर गाडी लावतो. मग आजची जागा आणि कालची जागा यांची गल्लत का होते?

हिप्पोकॅम्पसचाच डेंटेट गायरस नावाचा भाग मिळत्याजुळत्या अनुभवांसाठी शक्य तितके वेगळे पेशीसमूह निवडतो, म्हणून आपण कालचा आणि आजचा दिवस वेगळा ठेवू शकतो. परंतु दोन अनुभवांत फरकच फार थोडा असेल, तर समूहांची सरमिसळ होते. गाडी लावताना जवळची एखादी वेगळी खूण मुद्दाम पाहून ठेवली की ही गल्लत कमी होते. वय वाढते तसे हे वेगळेपण राखणे अवघड होत जाते.

विशिष्ट पेशींमध्येच विशिष्ट आठवण आहे, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे का?

उंदरांमध्ये ते फार समर्थपणे दाखवले गेले आहे. टोरांटोमधील शीना जोसेलिन यांच्या गटाने २००९ मध्ये भीतीची आठवण तयार होताना अमिग्डालामधील ज्या पेशी तिच्यात सामील झाल्या असण्याची शक्यता जास्त होती, नेमक्या त्याच नष्ट केल्या. ती आठवण गेली. तितक्याच संख्येने इतर पेशी नष्ट केल्यावर ती राहिली.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत २०१२ मध्ये उलट दिशेने प्रयोग झाला. उंदराला एका पेटीत पायांना सौम्य विजेचा धक्का दिला जात असताना डेंटेट गायरसमध्ये ज्या पेशी सक्रिय झाल्या, त्यांच्यावर प्रकाशाने सुरू होणारे प्रथिन बसवण्यात आले. नंतर पूर्णपणे वेगळ्या, निर्धोक पेटीत ठेवून केवळ त्या पेशींवर निळा प्रकाश टाकताच उंदीर भीतीने जागच्या जागी थिजला. २०१३ मध्ये त्याच गटाने एका पेटीच्या आठवणीतील पेशी जाग्या करून त्याच वेळी दुसऱ्या पेटीत धक्का दिला. पुढे उंदीर पहिल्या पेटीत घाबरू लागला, जिथे त्याला कधीच धक्का बसला नव्हता. खोटी आठवणही खऱ्या आठवणीसारखीच पेशींच्या जोडणीतून घडते, हा त्याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो, विशेषतः न्यायालयातील प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीचा विचार करताना.

झोपेचा आणि स्मरणशक्तीचा संबंध खरा आहे का?

होय. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना असे आढळले की, फिरताना एकत्र सक्रिय झालेल्या उंदरांच्या जागा-पेशी, म्हणजे विशिष्ट जागी सक्रिय होणाऱ्या पेशी, नंतरच्या झोपेतही एकत्र सक्रिय होतात. पुढील अभ्यासांत दिवसभरातील वाटेचा क्रम झोपेत अनेक पटींनी वेगाने पुन्हा चालवला जाताना दिसला. हे घडते तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये अतिशय जलद विद्युत लहरींचे छोटे झोत उठतात. २००९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी शिकल्यानंतरच्या विश्रांतीत नेमके हे झोत तेवढे खंडित केले, तेव्हा उंदीर वाट शिकण्यात मागे पडले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी कसाबसा उपयोगी पडतो आणि महिन्याभरात विरून जातो, याचे एक कारण येथे आहे.

आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीचे आठवते, पण सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. असे का?

नवी आठवण सुरुवातीला हिप्पोकॅम्पसवर फार अवलंबून असते. ती वारंवार जागी होत राहिली की मेंदूच्या बाह्य थरातील पेशींच्या आपापसांतील जोडण्या हळूहळू पक्क्या होतात, आणि हे काम काही आठवड्यांपासून अनेक वर्षांपर्यंत चालते. लग्नाची, पहिल्या नोकरीची, गिरणीतल्या संपाची गोष्ट आजोबांनी शेकडो वेळा सांगितलेली असते. सकाळचा नाश्ता मात्र पूर्णपणे हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर असतो.

अल्झायमर रोगात चेतापेशींच्या आत टाऊ प्रथिनाच्या गाठी बहुधा एन्टोरायनल भागाच्या आसपास लवकर दिसू लागतात, म्हणजे हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या मुख्य वाटेवरच. हाइको ब्राक आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये या फैलावाचे टप्पे वर्णन केले. त्यामुळे ‘जुने सगळे आठवते, म्हणजे स्मरणशक्ती चांगली आहे’ असे समजून घरच्यांनी निर्धास्त राहू नये. तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा नेहमीचा हिशेब न जमणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही विस्मरण होते व त्यावर उपचार आहेत; तपासणी केल्याशिवाय ‘वयच झाले’ असे म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

अल्झायमरसदृश स्थितीतील उंदरांवर २०१६ मध्ये टोनेगावा यांच्या गटाने असेही दाखवले की, सुरुवातीच्या टप्प्यात हरवलेली वाटणारी आठवण पेशींवर प्रकाश टाकून पुन्हा जागी करता येते. याचा अर्थ त्या टप्प्यावर आठवण शिल्लक असते, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट क्षीण झालेली असते. माणसांसाठी यातून कोणताही उपचार अद्याप निघालेला नाही.

ताणतणावाने स्मरणशक्ती खरोखर बिघडते का?

दीर्घकाळच्या ताणाने बिघडते, आणि याविषयीचे मोलाचे काम भारतात झाले आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की, उंदरांना दिवसांमागून दिवस ताण दिल्यावर हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ पेशींच्या वृक्षिका आखडतात, तर त्याच ताणाने अमिग्डालातील पेशींच्या वृक्षिका उलट अधिक फुटतात. ताण थांबल्यावर तीन आठवड्यांनीही अमिग्डालातील वाढ ओसरली नव्हती. घटनांचा तपशील जपणारे जाळे दुबळे होणे आणि भीतीचे जाळे बळावणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

क्षणिक, तीव्र भावनेचा परिणाम वेगळा असतो. त्या वेळी अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला जोर देते, म्हणून अपघाताचा किंवा अपत्यजन्माचा क्षण खोल कोरला जातो. तो अधिक ठळक असतो, परंतु त्याचा प्रत्येक तपशील अचूक असतोच असे नाही.

आठवण पुन्हा पुन्हा काढली की ती बदलते का?

बदलू शकते. करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी २००० मध्ये उंदरांची पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डालात नवी प्रथिने बनणे औषधाने रोखले. ती आठवण दुबळी झाली. आठवण जागी न करता तेच औषध दिले तर तसे झाले नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ अस्थिर असते आणि तिला पुन्हा स्थिर व्हावे लागते. त्या काळात तिच्यात नव्या गोष्टी मिसळू शकतात. घरातील दोन भावंडे एकच प्रसंग वेगवेगळा सांगतात आणि दोघेही प्रामाणिक असतात, हे त्यामुळे शक्य होते.

विसरणे हा दोष आहे का?

बहुतांशी नाही. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवर मोजमाप केले, तेव्हा विसरण्याचा वेग आरंभी फार मोठा आणि पुढे मंद होत जाणारा आढळला. जोडण्या सतत बनतात आणि नाहीशा होतात. सगळ्याच टिकल्या असत्या, तर कामाची गोष्ट बिनकामाच्या गोष्टींतून वेगळी काढता आली नसती.

अगदी लहानपणीचे काहीच का आठवत नाही?

साधारण तीन वर्षांच्या आधीचे बहुतेकांना आठवत नाही. भाषा पुरेशी विकसित झालेली नसणे हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण उंदरांवरील अभ्यासातून पुढे आले आहे : बाल्यावस्थेत हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींची भर वेगाने पडते आणि त्या जुन्या जोडण्यांची घडी बदलतात.

पाठांतराने मेंदूत दिसण्याजोगा फरक पडतो का?

वेदपठणाची परंपरा यासाठी उत्तम उदाहरण आहे, आणि घनपाठापर्यंत, म्हणजे शब्द ठरावीक क्रमाने उलटसुलट म्हणण्याच्या अवघड पद्धतीपर्यंत, अध्ययन केलेले वैदिक महाराष्ट्रातही आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या सहभागाने, २१ व्यावसायिक वैदिक पंडितांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा तेवढ्याच इतर व्यक्तींच्या प्रतिमांशी ताडून पाहण्यात आल्या. पंडितांमध्ये भाषा आणि स्मृतीशी संबंधित अनेक भागांतील करड्या द्रव्याची (चेतापेशींनी भरलेल्या ऊतीची) घनता व बाह्य थराची जाडी जास्त आढळली, आणि हिप्पोकॅम्पसमध्येही फरक दिसला. हा परिणाम पाठांतराचाच आहे, की मुळात तशी क्षमता असलेलेच या मार्गात टिकतात, हे एकदाच घेतलेल्या प्रतिमेवरून सांगता येत नाही. केवळ एवढ्यावरून मुलांवर घोकंपट्टी लादण्याचे समर्थन करणे योग्य नाही.

त्या शंकेचे निरसन करणारा अभ्यास लंडनच्या टॅक्सीचालकांवर झाला. तेथे परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते लक्षात ठेवावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचे दाखवले होते. २०११ मध्ये त्यांनी आणि कॅथरीन वूलेट यांनी ७९ उमेदवारांना प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासले. सुरुवातीला सगळे सारखेच होते, आणि जे परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्यातच ही वाढ झाली.

मग अभ्यास कसा करावा?

वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, परंतु आठवड्याने घेतलेल्या चाचणीत वाचल्यावर आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना तो पेशीसमूह स्वतःच्या बळावर जागा करावा लागतो. डोळ्यांसमोर मजकूर असताना ते श्रम होत नाहीत. एकाच बैठकीत चार तास बसण्याऐवजी तोच वेळ चार दिवसांत विभागला, तर मधल्या झोपांचाही लाभ मिळतो. ज्येष्ठांच्या बाबतीत नियमित चालण्याचा उपयोग दिसून आला आहे : २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२० ज्येष्ठांवरील एका अभ्यासात वर्षभर चालण्याचा व्यायाम केलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचे थोडे घटले.